वेगाचा दंड आणि कोर्टाची पायरी



वसंत व्याख्यानमालांच्या व्यासपीठांवरून वेदान्तापासून विज्ञानापर्यंत पुष्कळ विषयांचा ऊहापोह आजवर झाला आहे. त्या पंक्तीत मोटार वेगाने हाकल्याबद्दल होणाऱ्या हजार-दोन हजार रुपयांच्या दंडाला पाट मांडून बसवायचे म्हणजे थोडा संकोच वाटतो. परंतु पुण्यात १८७५ साली या प्रथेचा पाया घातला तो न्यायासनावर बसणाऱ्या माणसाने, न्यायमूर्ती रानड्यांनी, हे आठवले म्हणजे तो संकोच कमी होतो. कायदा हा विषय वकिलांनी आपापसांत बोलायचा नसून नागरिकांनी समजून घ्यायचा आहे. आणि खरे सांगायचे तर आपल्यापैकी बहुतेकांची कायद्याशी गाठ पडते ती खुनाच्या किंवा दरोड्याच्या खटल्यात नव्हे. ती पडते खिशातल्या फोनवर आलेल्या ई-चलानाच्या संदेशात.

असा संदेश आला की माणसे दोन प्रकारे वागतात. काही जण तो न वाचताच पैसे भरतात आणि दिवसभर सरकारच्या नावाने बोटे मोडतात. दुसरे काही जण तो न वाचताच बाजूला सारतात आणि पुढे कधीतरी बघू म्हणतात. न वाचणे हे दोघांत समान आहे. दोघांच्याही मागे आपली एक जुनी म्हण उभी असते : शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ही म्हण कितपत खरी आणि कोठे खोटी, हेच आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे. त्यासाठी मी तीन प्रश्न घेतो. आलेले चलान बरोबर आहे की चूक, हे कसे तपासावे? चूक असेल तर ते कसे लढवावे? आणि बरोबर असेल तर त्याचे परिणाम आटोक्यात कसे ठेवावेत?

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करू. चलान हा आरोप आहे, निकाल नव्हे. पोलीस किंवा पोलिसांचा कॅमेरा असे म्हणतो की, अमुक दिवशी अमुक ठिकाणी तुमचे वाहन मर्यादेपेक्षा अधिक वेगाने गेले. ते खरे मानायचे की नाही, हा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्याचा आहे. आपण पैसे भरतो तेव्हा आपण त्या आरोपावर तडजोड करतो. तडजोड करणे वाईट नाही, परंतु आपण काय करीत आहोत हे ठाऊक असले पाहिजे.

या बाबतीत इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८९६ च्या जानेवारीत इंग्लंडमधील केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थांना वेगाबद्दल दंड झाला. गावातून जाताना मर्यादा होती ताशी दोन मैलांची, आणि हे महाशय निघाले होते ताशी आठ मैलांनी. एका शिपायाने सायकलवरून पाठलाग करून त्यांना पकडले. वेगाच्या गुन्ह्याबद्दल दंड झाला एक शिलिंग! आज आपण हसतो. पण प्रश्न तेव्हाही हाच होता की, शिपायाने वेग मोजला कसा? डोळ्यांनी पाहून? मनाच्या अंदाजाने?

पुढे १९०३ साली इंग्लंडात मोटारींचा नवा कायदा झाला आणि मर्यादा ताशी वीस मैलांवर गेली. त्या कायद्यात एक शहाणपणाचे वाक्य घालण्यात आले. वेगाबद्दलच्या केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून ही मर्यादा ओलांडल्याची शिक्षा कोणालाही देता कामा नये. कारण उघड आहे. घोड्यांच्या गाड्या पाहण्याची सवय असलेल्या डोळ्याला प्रत्येक मोटार उधळलेलीच वाटणार. मग पोलिसांनी युक्ती काढली. रस्त्याचे ठरावीक अंतर मोजून ठेवायचे, दोन टोकांना दोघांनी झुडपाआड दबा धरायचा, आणि घड्याळावर वेळ मोजून वेग काढायचा. मोटारवाल्यांनीही प्रतियुक्ती काढली. १९०५ साली त्यांनी ऑटोमोबाइल असोसिएशन नावाची संस्था काढली आणि तिचे सायकलस्वार पुढे दबा धरून बसलेल्या पोलिसांची खबर मोटारवाल्यांना देऊ लागले. १९१० साली न्यायालयाने ठरविले की, वेगात असलेल्या माणसाला असे सावध करून पुरावा मिळू न देणे हा पोलिसांच्या कामातला अडथळा होय. तेव्हा संस्थेने नवा मार्ग काढला. स्वार सभासदाला एरवी सलाम करीत असे. ज्या दिवशी त्याने सलाम केला नाही, त्या दिवशी सभासदाने थांबून कारण विचारावे! सलाम न करण्याबद्दल शिक्षा कोण देणार?

हा उंदीरमांजराचा खेळ सोडून दिला तरी त्यातून एक तत्त्व निष्पन्न झाले. वेग ही मताची बाब नाही, मापाची बाब आहे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात, १८३ व्या कलमात, तेच तत्त्व आहे. वाहन बेकायदा वेगाने चालले होते असे केवळ एका साक्षीदाराचे मत आहे, एवढ्यावरून कोणाला दोषी धरता येत नाही. ते मत एखाद्या यांत्रिक साधनाने केलेल्या मापावर आधारलेले असल्याचे दाखवावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात ‘किंवा इलेक्ट्रॉनिक’ हे शब्द आले. म्हणजे नाक्यावरच्या शिपायाने शिट्टी फुंकून ‘फार जोरात होतात’ एवढेच म्हटले, तर तेवढे पुरेसे नाही. यंत्राचे माप हवे.

मग यंत्र काय करते? शिपायाच्या हातातली रडारची बंदूक लहरी सोडते. वाहनावर आपटून परतणाऱ्या लहरींची वारंवारता वाहनाच्या वेगाप्रमाणे बदलते. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढ्या सुरात आणि दूर जाणारीची उतरत्या सुरात ऐकू येते, त्याच नियमाने. लेसरची बंदूक प्रकाशाचे ठोके पाठवून वाहनाचे अंतर पुन्हा पुन्हा मोजते आणि ते किती झपाट्याने बदलले यावरून वेग काढते. तिसरी पद्धत सरासरी वेगाची. रस्त्यावर दोन ठिकाणी कॅमेरे बसवायचे, दोन्हींनी वाहनाचा क्रमांक टिपायचा, आणि मधल्या अंतराला लागलेल्या वेळेने भागायचे. दहा किलोमीटरचा टप्पा ताशी शंभराच्या मर्यादेने सहा मिनिटांचा आहे. तो तुम्ही पाच मिनिटांत ओलांडला असेल, तर तुमचा सरासरी वेग एकशेवीस होता. कॅमेरा दिसला की ब्रेक दाबायचा आणि पुढे पुन्हा पाय ठेवायचा, ही चतुराई येथे चालत नाही. झुडपाआडचे ते दोन शिपाईच आता खांबावर चढून बसले आहेत, एवढेच.

पुष्कळांचा समज असतो की, बंदूक तिरपी धरली म्हणून आपला वेग अधिक दिसला. रस्त्याकडेला स्थिर उभ्या असलेल्या बंदुकीच्या बाबतीत गणित उलट आहे. तिरप्या कोनातून मोजलेला वेग खऱ्यापेक्षा कमी भरतो, जास्त नाही. तेव्हा हा बचाव पुढे करणारा मनुष्य नकळत स्वतःविरुद्धच साक्ष देतो. खरी शंका घ्यावी ती निराळ्या ठिकाणी. रडारची लहर पुढे जाता जाता रुंदावते. दोन वाहने जवळजवळ असतील तर मोजलेला वेग नेमका कोणाचा? यंत्र शेवटचे कधी तपासले होते? आणि छायाचित्रातला क्रमांक खरोखर तुमच्याच वाहनाचा आहे का?

या शंकांना कायद्याने जागा ठेवली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक देखरेखीचे १३६-अ हे कलम आले आणि २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्यासाठी १६७-अ हा नियम घालण्यात आला. त्या नियमाप्रमाणे यंत्र अचूक आहे आणि नीट चालते, असे राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हवे, आणि ते दरवर्षी नवे करून घ्यायला हवे. कॅमेऱ्यांची देखरेख आहे अशा ठिकाणी जनतेला इशारा देणारा फलक हवा. आणि चलानाबरोबर काय काय असावे, हेही तेथे सांगितले आहे : गुन्हा व क्रमांकाची पाटी स्पष्ट दाखवणारे छायाचित्र, यंत्राने घेतलेले माप, तारीख, वेळ व जागा, कायद्याचे कोणते कलम मोडले त्याचा उल्लेख, आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीबद्दलचे पुराव्याच्या कायद्यानुसार द्यायचे प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखाली देत. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे ६३ वे कलम त्या जागी आले.

तेव्हा चलान आले की पहिले काम म्हणजे चष्मा लावून ते वाचणे. छायाचित्र उघडून पाहावे. वाहनाचा रंग, बनावट आणि पाटीवरचे अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. एका अंकाच्या घोटाळ्याने कोल्हापूरच्या स्कूटरला नागपूरच्या ट्रकचे चलान जाऊ शकते. आणि कोणी तुमच्याच क्रमांकाची बनावट पाटी लावून हिंडत असेल तर प्रश्न केवळ दंडाचा राहत नाही, पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद त्याच दिवशी द्यावी लागते. नाहीतर चोर सोडून संन्याशाला सुळी, असे व्हायचे. त्या वेळी वाहन दुसरीकडे होते याचा पुरावा, म्हणजे टोलनाक्याची नोंद, गॅरेजची पावती, कार्यालयाच्या फाटकावरची वही, हे लगेच गोळा करावे, कारण असे कागद फार दिवस टिकत नाहीत.

दुसरे, मर्यादा कोणती होती ते पाहावे. एकशे बाराव्या कलमाप्रमाणे राज्य सरकारला विशिष्ट रस्त्यावर निराळी मर्यादा घालायची असेल तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि त्या ठिकाणी योग्य फलकही लावावे लागतात. घाटाच्या उतारावर मर्यादा एकदम खाली येते आणि फलक झाडाच्या फांदीआड दडलेला असतो, अशी तक्रार असेल तर त्याच आठवड्यात जाऊन त्या जागेचे छायाचित्र घ्यावे. सहा महिन्यांनी ती फांदी छाटलेली असते आणि तुमचा बचावही तिच्याबरोबर गेलेला असतो.

तिसरे, वाहन कोणाच्या नावावर आहे? कॅमेऱ्याला ड्रायव्हर ओळखू येत नाही, त्याला नोंदणीपुस्तकातला मालक सापडतो. वाहन विकून पैसे मोजून घेतले, पण नोंद बदललीच नाही, असे आपल्याकडे घरोघरी घडते. पन्नासाव्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात वाहन विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. तसे केले नसेल तर नव्या मालकाची घाई जुन्या मालकाच्या दारात चलान होऊन येते.

आता न चालणारे बचाव. ‘सगळेच त्या वेगाने जात होते’, हे खरे असेल. पण त्यामुळे इतर दोषी ठरतील, तुम्ही निर्दोष ठरणार नाही. ‘रस्ता मोकळा होता’, ‘माझा हात साफ आहे’, ‘वीस वर्षांत एकही अपघात नाही’, या गोष्टी दयेच्या अर्जात शोभतात. वेगाची मर्यादा ही रेषा आहे. ती ओलांडली की नाही एवढाच प्रश्न असतो. अर्थात दवाखान्यात अत्यवस्थ माणसाला नेत होतो, असे कारण असेल तर त्याचे कागद जोडावेत. त्याचे वजन शिक्षेचे प्रमाण ठरवताना पडू शकते.

तपासणीत खरी चूक सापडली तर लढावे. पहिली पायरी लेखी तक्रारीची. ज्या यंत्रणेने चलान पाठवले तिच्याकडे, कागदावर किंवा तिच्या संकेतस्थळावर, चलानाचा क्रमांक, आक्षेप आणि पुरावा अशा तीन गोष्टी थोडक्यात मांडाव्यात. रागाचे एकही वाक्य नको. चूक उघड असेल तर प्रकरण येथेच मिटू शकते. मुदतीकडे मात्र लक्ष हवे. या मुदती नियमांच्या दुरुस्त्यांबरोबर बदलत असतात. म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावर न जाता तुमच्या नोटिशीवर जी मुदत छापली आहे तीच खरी मानावी.

तक्रारीने भागले नाही तर प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जाते आणि तेथे तुम्ही गुन्हा नाकबूल करू शकता. नाकबूल केल्यावर सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर येतो. यंत्राचे प्रमाणपत्र, छायाचित्र, नोंदीचे प्रमाणपत्र, साक्षीदार, सगळे त्यांनी आणायचे. तुम्ही उलट विचारायचे. केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याबद्दल आणखी एक मर्यादा आहे. सहा महिन्यांच्या आत तक्रार न्यायालयापुढे गेली पाहिजे. हा नियम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५१४ व्या कलमात आहे. पण त्यावर विसंबून हात बांधून बसू नये. योग्य कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. आणि समन्स आल्यावर गैरहजर राहणे ही तर शुद्ध आत्मघाताची वाट. हजार रुपयांचा मामला वॉरंटापर्यंत नेण्याचे सामर्थ्य आपल्या आळसात असते.

लोकअदालतीबद्दल येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ई-चलानाच्या नोटिशीबरोबर लोकअदालतीची तारीख आली की पुष्कळांना वाटते, तेथे जाऊन आपली बाजू मांडू. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याने स्थापन झालेली लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. कोण खरा आणि कोण खोटा, याचा निवाडा ती करीत नाही. तेथे झालेल्या तडजोडीवर अपीलही चालत नाही. ज्याला पैसे भरून मोकळे व्हायचे आहे त्याने जरूर जावे. ज्याला आपण निर्दोष आहोत असे म्हणायचे आहे, त्याची जागा नेहमीच्या न्यायालयात आहे.

आता हिशेब करू. हलक्या वाहनाने वेगमर्यादा मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड एक हजारापेक्षा कमी नाही आणि दोन हजारांपेक्षा अधिक नाही; मध्यम व अवजड वाहनांना दोन ते चार हजार. लढून हरलात तरी दंडाला कायद्याने कमाल घातलेली आहे. खर्च होतो तो वेळेचा. बुडालेली मजुरी, तारखेच्या खेपा, वकिलाची फी धरली तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत होते. म्हणून पुष्कळ प्रामाणिक माणसे चूक नसतानाही पैसे भरतात. त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. पण भरण्यापूर्वी त्यांनी पुढची एक गोष्ट समजून घ्यावी.

कायद्याच्या दोनशेव्या कलमाखाली तडजोडीची रक्कम भरली की त्या गुन्ह्याचा खटला संपतो. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने तेथे दोन पुरवण्या जोडल्या आहेत. एक, तडजोड झालेला गुन्हाही पुढच्या वेळी ‘पूर्वीचा गुन्हा’ म्हणून मोजला जातो. दोन, तडजोड झाली तरी परवान्यावरची कारवाई टळत नाही. २०६ व्या कलमाप्रमाणे अतिवेगाच्या गुन्ह्यात पोलीस परवाना जप्त करून परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवू शकतात. एकोणिसाव्या कलमाखाली तो अधिकारी पहिल्या गुन्ह्याला तीन महिने परवाना बंद ठेवू शकतो आणि दुसऱ्याला तो रद्दच करू शकतो. म्हणजे दोन हजारांची पावती ही गोष्टीचा शेवट असेलच असे नाही. ज्याची मोटार रविवारच्या सहलीपुरती आहे, त्याला तीन महिने बसने जाता येईल. ज्याच्या चुलीखालचे जळण या परवान्यावर येते, त्या रिक्षावाल्याने, ट्रकवाल्याने, टॅक्सीवाल्याने मात्र खोटे चलान ‘जाऊ दे’ म्हणून भरता कामा नये. त्याच्यासाठी कोर्टाची पायरी न चढणे हे शहाणपण नव्हे.

परवान्याच्या कारवाईतही कायद्याने दार उघडे ठेवले आहे. अधिकाऱ्याला आधी तुमचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागते. ऐकल्यावर तो तुम्हाला मोकळे सोडू शकतो, आणि परवाना बंद करायचा तर सविस्तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. म्हणून त्या सुनावणीला जावे. आजवरची स्वच्छ नोंद, कुटुंबाचा चरितार्थ, मर्यादा किती थोडी ओलांडली होती, हे सगळे तेथे सांगण्यासारखे आहे. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे निरुपयोगी ठरलेली कारणे येथे उपयोगी पडतात. आणि एक सावधगिरी. अशा प्रकारे जप्त केलेल्या परवान्याची जी पावती मिळते, ती वाहन चालवण्याची परवानगी नव्हे. परवाना बंद असताना वाहन हाकणे हा निराळा आणि मोठा गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही आहेत. त्या अवस्थेत अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करू शकते. परिणाम आटोक्यात ठेवणे म्हणजे एका खड्ड्यातून निघताना दुसऱ्यात न पडणे.

दुसऱ्या खड्ड्याबद्दल दोन उदाहरणे सांगतो. दोन्ही परदेशची आहेत, पण मोह सार्वत्रिक आहे. ख्रिस ह्यून हे ब्रिटनमधले राजकारणी. २००३ साली कॅमेऱ्याने त्यांची मोटार वेगात टिपली. परवान्यावर नोंद वाढून तो जाईल, या भीतीने मोटार पत्नी चालवीत होती असे सांगण्यात आले आणि पत्नीने ती नोंद आपल्या नावावर घेतली. पुढे हे गृहस्थ मंत्री झाले. संसार मोडला आणि गुपितही फुटले. २०१२ साली मंत्रिपद गेले, आणि २०१३ साली पतिपत्नी दोघांना न्यायाच्या मार्गात विघ्न आणल्याबद्दल आठ-आठ महिन्यांची कैद झाली. गंमत अशी की, ज्या परवान्यासाठी हे सारे केले तो थोड्याच महिन्यांत, मोटार चालवताना फोनवर बोलल्यामुळे, गेलाच होता! दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे निवृत्त न्यायाधीश मार्कस आइनफेल्ड यांचे. २००६ साली सिडनीत पन्नासच्या रस्त्यावर त्यांची मोटार साठने गेली. दंड सत्याहत्तर डॉलर. त्यांनी शपथेवर सांगितले की, मोटार एका परिचित प्राध्यापिकेला दिली होती. ती बाई २००३ मध्येच वारली होती. जन्मभर इतरांच्या शपथा ऐकलेल्या या माणसाला २००९ साली तीन वर्षांची शिक्षा झाली.

आपल्या कायद्यातही १३३ व्या कलमाने, वाहन कोण चालवीत होते ते पोलिसांनी विचारल्यास सांगण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आहे. हा स्वतःविरुद्ध साक्ष देण्याचा जुलूम आहे का, असा प्रश्न ब्रिटनमधल्या तशाच कलमाबद्दल युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापुढे गेला होता. २००७ साली त्या न्यायालयाने उत्तर दिले की, तो जुलूम नव्हे. जो मोटार बाळगतो आणि चालवतो, तो तिच्याबरोबर काही जबाबदाऱ्याही पत्करतो. तात्पर्य काय, की लढायचे ते खरेपणाने. मुलाने चालवलेल्या गाडीचे चलान म्हाताऱ्या वडिलांच्या नावावर खपवणे, किंवा पगारी ड्रायव्हरला ‘मीच होतो म्हण’ असे सांगणे, ही युक्ती नव्हे. दंड दोन हजारांचा असतो, खोट्याची किंमत आधी कोणालाच सांगता येत नाही.

पगारी ड्रायव्हरचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे अधिक बोलतो, कारण मला या साऱ्या कायद्यात सर्वांत न्याय्य वाटणारा भाग तोच आहे. नोकराला मर्यादेपेक्षा जोरात चालवायला लावणारा मालकही १८३ व्या कलमाखाली दोषी ठरतो. एवढेच नव्हे, मर्यादा मोडल्याशिवाय पाळताच येणार नाही असे वेळापत्रक मालकाने प्रसिद्ध केले किंवा तसा हुकूम दिला, तर ते वेळापत्रक किंवा तो हुकूमच मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा होतो. हे वाक्य प्रत्येक मालवाहतूक कंपनीच्या, प्रत्येक प्रवासी गाडीच्या आणि घरोघरी जिन्नस पोचवणाऱ्या धंद्याच्या कार्यालयात भिंतीवर लावावे, असे आहे. ‘रात्री निघ आणि सहाला मालाच्या दारात उभा राहा’, असे सांगणाऱ्या मालकाचा पायही त्या पॅडलवर असतो. आज दंड मात्र ड्रायव्हरच्या पगारातून कापला जातो. अशा हुकुमाचा संदेश ड्रायव्हरने पुसून टाकू नये, जपून ठेवावा. प्रसंगी तोच त्याचा साक्षीदार होईल.

श्रोतेहो, येथवर मी चलान कसे तपासावे आणि लढवावे हे सांगितले. त्यावरून कोणी असा ग्रह करून घेऊ नये की, वेगमर्यादा म्हणजे सरकारने तिजोरी भरण्यासाठी लावलेला सापळा आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतल्या १,१९,९०४ मृत्यूंच्या नोंदीत कारण अतिवेग असे आहे. वेग साठाचा ऐंशी केला की तो एक तृतीयांशाने वाढतो, पण आघाताची शक्ती जवळजवळ पावणेदोन पट होते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर साठच्या वेगाने गाडी सुमारे सतरा मीटर पुढे जाते, ऐंशीच्या वेगाने बावीस मीटर. मधल्या त्या पाच मीटरांत एखादी शाळकरी मुलगी रस्ता ओलांडीत असते. आणि या साऱ्यातून मिळते काय? वीस किलोमीटरच्या वाटेवर पाच मिनिटे.

म्हणून मी म्हणतो की, चलान तपासण्याचा हक्क आणि वेग आवरण्याचे कर्तव्य एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. यंत्र खोटे, फलक गायब आणि पाटी दुसऱ्याची असतानाही दंड वसूल होत गेला, तर लोकांचा मर्यादेवरचाच विश्वास उडतो. मग खरे चलानही त्यांना लूट वाटू लागते. जो नागरिक चुकीचे चलान कागदपत्रांनिशी मोडून काढतो, तो स्वतःचे दोन हजार वाचवतो आणि बरोबर असलेल्या चलानांची अब्रूही राखतो. आणि ज्याचे चलान बरोबर आहे त्याने ते मुदतीत भरावे, परवान्याच्या सुनावणीला स्वतः जावे, खोटे बोलू नये, आणि पुढच्या वेळी पाच मिनिटे आधी निघावे. परिणाम आटोक्यात ठेवण्याचा याहून स्वस्त उपाय मला तरी ठाऊक नाही.

आपल्या जुन्या म्हणीत मी एवढीच दुरुस्ती सुचवतो. शहाण्याने कोर्टाची पायरी उगाच चढू नये, पण चढण्याची वेळ आली तर वाचून, कागद घेऊन आणि खरे बोलायचे ठरवून चढावी.  घरी परतताना सर्वांनी सावकाश जावे, अशी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.